पायावर पाय

लिफ्टमध्ये त्या तरुणाचा पाय माझ्या पायावर पडला आणि त्याने हात पुढे केला नाही, एवढीच ती घटना. सांगण्यासारखी म्हटली तर आहे, म्हटली तर नाही. त्याचा बूट टोकदार व चकचकीत होता, कानांत गाणे होते, दृष्टी फोनवर होती. दार उघडताच तो बाहेर पडला आणि माझा उजवा हात, जो माझ्या इच्छेची वाट न पाहता शरीराने स्वतःच अर्ध्यापर्यंत उचलला होता, तो तसाच हवेत राहिला. आमच्या लोकांत कुणाच्या पायावर पाय पडला तर त्याच क्षणी हातात हात द्यावा लागतो. बाजारात, बसमध्ये, अंत्यविधीच्या रांगेतसुद्धा. समोरचा अनोळखी असो, दारुडा असो, मंत्री असो. हात द्यायचा आणि काही न बोलता आपापल्या वाटेने जायचे. न दिला तर त्या दोघांत वैर उगवते, असे मानतात. माझी आई म्हणत असे की राहून गेलेला हात म्हणजे तळ हलवताना न बुजवलेले खुंटीचे भोक. आज ना उद्या कुणाचा तरी घोडा त्यात अडखळतोच. मी शिकल्यासवरल्या माणसांत वावरतो, उलानबातरसारख्या शहरात घर करून आहे, आणि असल्या समजुतींवर चारचौघांत हसलेलोही आहे. तथापि दार मिटून लिफ्ट पुन्हा वर निघाली तेव्हा डाव्या पायाचा अंगठा ठसठसत होता, आणि मनात एकच प्रश्न होता, की आजच का?

कारण आज माझा थोरला भाऊ सोदनोम कंपनीच्या कार्यालयात येणार होता. आमची कंपनी दक्षिणेला गोबीत कोळसा काढते आणि तो कोळसा सीमेपर्यंत नेण्यासाठी तिला एक रस्ता हवा आहे. तो रस्ता नेमका त्या घळीतून जातो जिथे आमच्या घराण्याचा हिवाळी तळ आहे. त्या भागातील इतर कुटुंबे केव्हाच हो म्हणून मोकळी झाली. दादा तेवढा उरला. मला कंपनीने नारिंगी टोपी, नारिंगी जाकीट आणि ‘पशुपालक संपर्क अधिकारी’ असे पद दिले ते मी त्या मातीतला आहे म्हणून. हे मला कुणी सांगितलेले नव्हते, परंतु न कळण्याइतका मी भाबडा नाही. सकाळी मी अजून मोजे चढवत होतो तोच हुरेल साहेबांचा फोन आला. हुरेल साहेब आमचेच, शहरात जन्मलेले, परदेशात शिकलेले, माझे वरिष्ठ.

“दाश, आज तुझ्या भावाचा होकार आला पाहिजे. मोठे साहेब संध्याकाळच्या विमानानं जाणारेत.”

“प्रयत्न करतो, साहेब.”

“प्रयत्न तर बोकडही करतो, उंटावर चढायचा. मला हो पाहिजे. नाहीतर तुला ठेवलंय कशाला, तुझ्या भाषणांसाठी?”

माझी पत्नी उयांगा ऐकत होती. ती आमच्या मुलीच्या, सोलोंगोच्या, पाठीवर हात ठेवून बसली होती, जसा माणूस झाकलेल्या भांड्यावर हात ठेवून आतले पाणी उकळते आहे काय हे पाहतो. दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही शहराच्या उत्तरेकडील टेकडीवर लोकरीच्या नमद्याच्या तंबूत राहत होतो. तिथे प्रत्येक तंबूत कच्चा कोळसा जळतो आणि थंडीत तो धूर वर न जाता खाली बसतो, पोरांच्या छातीत बसतो. सोलोंगोच्या श्वासाला त्या दिवसांत शीळ असे. या नोकरीने आम्हांला गरम पाण्याचे नळ भिंतीतून फिरणारी सदनिका दिली आणि ती शीळ थांबली. कोळशानेच तिची छाती भरली आणि कोळशानेच ती मोकळी केली. या दोन वाक्यांच्या मधोमध मी राहतो. निघताना उयांगा एवढेच म्हणाली, “दादांना चहा तुम्ही स्वतः ओता. आणि पुस्तकातलं बोलू नका. मला परत त्या टेकडीवर जायचं नाही, बस्स.”

पुस्तकातले बोलणे ही माझी खोड आहे हे मला मान्य आहे. माझे शिक्षण आठव्या इयत्तेत थांबले. ज्या वर्षी जुनी राजवट गेली आणि सामुदायिक कळप मोडून जनावरे घरोघर वाटली गेली, त्या वर्षी आमच्या शाळेच्या वसतिगृहात जाळायला शेण नव्हते व खायला पीठ नव्हते. आमचे इतिहासाचे गुरुजी फळ्यावर मानवजातीची शिडी काढीत. सर्वांत खाली शिकारी, मग मेंढपाळ, मग कारखाना, आणि सर्वांत वर तेजाळ असे काहीतरी. त्या शिडीच्या मधल्या पायरीवर पाय असतानाच दादा घोडा घेऊन दारात आला आणि म्हणाला, “चल, धाकट्या. आता मेंढ्या आपल्या आहेत. राखायला माणूस पाहिजे.” मी वाचनालयातून आणलेली पुस्तके परत करायला गेलो तर वाचनालयालाच कुलूप. ती माझ्याकडेच राहिली. मेंढ्यांमागे फिरताना मी ती इतकी वाचली की त्यांतील वाक्ये माझ्या तोंडात आमच्या भाषेपेक्षा आधी येतात. आणि आज, या काचेच्या इमारतीतून खाली पाहताना, मला कधी कधी वाटते की गुरुजींची शिडी कुणीतरी उचलून येथे आणून उभी केली, मात्र वरचे टोक कशाला टेकवायचे हे विसरले. सर्वत्र बांधकामाच्या याऱ्या उभ्या आहेत. निम्म्या हलतात, निम्म्या कोळशाचा भाव पडला त्या दिवसापासून थिजलेल्या आहेत. लोक हवामानाच्या बातम्यांआधी कोळशाचा भाव ऐकतात. शेजारच्या देशातील भट्ट्या कमी पेटल्या की आमच्याकडे दुकानांच्या पाट्या उतरतात. निवडणुकीत सांगितले होते की खाणीत प्रत्येकाचा वाटा आहे. पलीकडच्या तंबूतला म्हातारा मला विचारीत असे, “माझा वाटा कुठल्या बाजूला आहे रे? निदान एकदा जाऊन बसून येतो त्याच्यावर.”

बैठकीच्या खोलीत मी आधी जाऊन थर्मासमधील खारा दुधाचा चहा वाट्यांत ओतून पाहिला, पुन्हा परत ओतला. अंगठा ठसठसत होता. मी बूट काढून पाहू शकलो असतो, परंतु पाहिले नाही, कारण तिथे काहीच झालेले नाही असे दिसले असते तर मग ते ठसठसणे कशाचे, हा प्रश्न उरला असता. गेल्याच्या गेल्या शुभ्र महिन्याच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, सणाला मी दादाकडे गेलो होतो. सणाला धाकट्याने आपले हात थोरल्याच्या कोपरांखाली धरायचे, जणू त्याचे वय आपण तोलून धरले आहे. मी हात पुढे केले. दादाने आपले मागे घेतले. पाहुण्यांनी भरलेल्या तंबूत, वहिनी शिजलेल्या मांसाचे ताट घेऊन उभी असताना, तो म्हणाला, “ती नारिंगी टोपी आहे तोवर माझ्या कोपराखाली तुझे हात नकोत.” टोपी तर मी बाहेर गाडीतच ठेवली होती. तेव्हापासून मला माझे हात थोडे लांब झाल्यासारखे वाटतात. कुठे ठेवावेत ते कळत नाही.

तो आला. दारात धातूची एक बारीक पट्टी आहे, ज्यावरून आम्ही सर्व दिवसभर बिनदिक्कत तुडवत जातो; दादाने ती उंबरठा समजून पाय उचलून ओलांडली. अंगात मातकट डेल, म्हणजे आमचा लांब अंगरखा, कमरेला पिवळा पट्टा, पायांत जुने, नाक वर वळलेले बूट. जमिनीला टोच लागू नये म्हणून आमच्या बुटांची नाके अशी वर वळवतात. माझा दादा तसा राक्षसासारखा धिप्पाड, परंतु पावलांचा फार हलका आहे. वसंतात कोकरे जन्मतात तेव्हा तंबूत त्यांची एवढी दाटी होते की पाय ठेवायला जागा नसते, आणि दादा त्या दाटीतून, दिवा न लावता, एकाही कोकरावर पाय न देता चालत जाऊन चुलीत शेण सारून परत येई. मी ते अंथरुणात पडून ऐकत असे; म्हणजे काहीच ऐकू येत नसे.

मोठे साहेब उठून उभे राहिले. ते दूरच्या देशातले, ताज्या दाढीचे, मनाने वाईट नसावेत असा चेहरा. त्यांच्याशेजारी दुभाषी निन्जिन, पंचविशीची चुणचुणीत मुलगी. कोपऱ्यात कंपनीच्या पत्रिकेचा छायाचित्रकार. हुरेल साहेबांनी दादाला खुर्ची दिली. नेमकी माझ्याशेजारी. दादा बसला, पण त्याने डेलच्या आतून तपकिरीची दगडी बाटली काढली नाही. नवीन माणसे भेटली की बाटली काढून एकमेकांना द्यायची, हुंगायची, परत करायची, मग बोलणे. बाटली न काढता बसलेला माणूस खुर्चीवर बसला तरी अजून घोड्यावरच आहे असे समजावे. मी उजव्या हाताने वाटी पुढे केली, डाव्या हाताने कोपर सावरून. त्याने ती घेतली, ओठ लावला, खाली ठेवली. माझ्याकडे पाहिले नाही.

साहेब बोलले, निन्जिनने सांगितले. रस्ता होईल. नवा तळ देतील, पत्र्याचा नवा गोठा, विहीर, दगडी भिंत आहे तशीच बांधून. दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, “आणि बूत्स?”

निन्जिन अडली. ती शहरातली. तिने माझ्याकडे पाहिले.

“लेंड्यांचा थर,” मी म्हणालो. “हिवाळी तळावर जनावरे बसतात तिथला.”

हुरेल साहेब हसले. “अहो दादा, ते तर आम्ही फुकट साफ करून देणार. तुम्हाला फावडंसुद्धा हातात धरावं लागणार नाही.”

दादा मान हलवत राहिला, एखाद्या वेड्या मुलाचे ऐकावे तसा. “साफ करून देणार. ऐकलंस, धाकट्या? माझ्या पणजोबाच्या मेंढ्यांपासून साठलंय ते. वर बर्फ असतं आणि मेंढरं खाली ऊब घेऊन झोपतात. नव्या जागी पत्रा द्याल. पत्र्याला पणजोबा कुठून आणाल?”

निन्जिनने ते भाषांतरित केले असावे, कारण साहेबांनी भुवया उंचावल्या व ते काहीतरी दयाळू बोलले. माझ्या नाकात मात्र तो वास आला होता: कोरडा, गोडसर, ऊबदार. हिमवादळाच्या दिवसांत वडील मला त्या थरावर, दोन मेंढ्यांच्या मध्ये, निजवत. खालून येणारी ती ऊब कुणा एकाची नव्हती. ती साठत आलेली होती. आता मला येथे नमूद केले पाहिजे की बोलायची पाळी माझी होती, सर्वांचे डोळे माझ्यावर होते, आणि मला सोलोंगोच्या पाठीवरचा उयांगाचा हात दिसत होता. मी बोललो. परिवर्तन, भागीदारी, येणाऱ्या पिढ्या. वाक्ये आपसूक येत गेली, एकामागून एक, शिडीच्या पायऱ्यांसारखी.

दादाने मला शेवटपर्यंत बोलू दिले. “झालं? छान बोलतोस. आजीसुद्धा तुला पुस्तक वाचायला लावून झोपायची.” छायाचित्रकाराला हसू आले. मग दादा सर्वांकडे वळून, सावकाश म्हणाला, “माझं उत्तर नाही आहे. कालही नाहीच होतं. चहा चांगला होता.”

आणि तो उठला. उठताना त्याचा तो जड बूट माझ्या डाव्या पायावर पडला. त्याच पायावर, त्याच अंगठ्यावर. कळ डोक्यापर्यंत गेली. मी वर पाहिले तर त्याचा हात माझ्यासमोर होता.

दोन वर्षे न मिळालेला तो हात. मी तो दोन्ही हातांनी धरला. उंटाच्या गुडघ्यासारखी त्याची कातडी, भेगा, त्या भेगांत शिरलेली काळी राख. आम्ही दोघेही काही बोललो नाही, कारण बोलायचे नसते. आणि त्याच क्षणी खोलीत टाळ्या वाजल्या. मोठे साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांचा चेहरा खरोखर आनंदाने फुलला होता. छायाचित्रकाराचा दिवा लखलखला, पुन्हा लखलखला. साहेबांनी काहीतरी विचारले.

“ते विचारतायत, झालं का? ठरलं का?” निन्जिन पुटपुटली.

हुरेल साहेबांना सर्व कळले होते. ते आमच्यातलेच होते. त्यांच्या डोळ्यांनी खाली बूट पाहिला होता, मग वर हात. “सांग त्यांना,” ते म्हणाले. “भाऊ भाऊ एक झाले. हो म्हणाले.”

“पण साहेब, ते तर पायाचं...”

“सांग म्हटलं ना. कागद नंतर होतील. बाकीच्या कुटुंबांना फोटो दाखवू. हात दिलाय, सगळ्यांनी पाहिलाय.”

आमच्याकडे अजूनही हात दिला की उंट विकला जातो. फोटोतल्या हातावरून दादाला परत फिरता आले नसते. साऱ्या गोबीत त्याचा शब्द खोटा ठरला असता. दादा टाळ्यांकडे पाहत होता. “काय झालं यांना? कशाचा सण आहे?” त्याने मला विचारले, आणि त्याचा हात अजून माझ्या हातात होता. मी फक्त गप्प राहिलो की पुरे होते. गप्प राहणे हे काही बोलणे नव्हे, करणे नव्हे. भिंतीतून गरम पाणी फिरत राहिले असते. सोलोंगो शीळ न वाजवता झोपली असती. निन्जिनने सांगण्यासाठी तोंड उघडले होते. मला साहेबांची भाषा येत नव्हती. माझ्या सर्व पुस्तकांत तिचा एकही शब्द नव्हता. माझ्या घशात आलेली सुंदर वाक्ये त्या माणसापर्यंत हुरेल साहेबांच्या परवानगीशिवाय पोचणार नव्हती.

मी दादाचा हात सोडला. टेबलाला वळसा घालून मोठ्या साहेबांसमोर गेलो आणि त्यांच्या तपकिरी बुटावर माझा पाय दिला. हळू नव्हे, पुरेसा भार टाकून. ते ओरडले. त्या ओरडण्याला दुभाषी लागला नाही. मग मी माझा उजवा हात पुढे केला आणि डाव्याने कोपर सावरून उभा राहिलो.

टाळ्या थांबल्या. आधी निन्जिनला हसू फुटले, भीतीचे असावे. मग ती भराभर त्यांच्या भाषेत बोलू लागली, बोटाने माझा पाय, त्यांचा पाय, माझा हात, दादाचा बूट दाखवीत. हुरेल साहेब “निन्जिन!” म्हणाले, पण ती थांबली नाही. साहेबांच्या चेहऱ्यावरचा आनंद टप्प्याटप्प्याने उतरत गेला. त्यांनी हुरेल साहेबांकडे पाहिले. फार वेळ पाहिले. छायाचित्रकाराने यंत्र खाली केले. माझा हात अजून पुढेच होता. मोठ्या साहेबांनी तो पाहिला, ते खाली बसले आणि त्यांनी आपला पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

“टोपी टेबलावर ठेव, दाश,” हुरेल साहेब हलक्या आवाजात म्हणाले. “जाकीटही.”

लिफ्टमध्ये आम्ही दोघेच होतो. दादाला लिफ्टची भीती वाटते. तो भिंतीला पाठ लावून, बैलगाडीत उभे राहावे तसा पाय फाकून उभा होता. मी नुसत्या सदऱ्यावर होतो.

“त्या बिचाऱ्याचा पाय कशाला तुडवलास?”

“त्याला वाटलं, तू हो म्हणालास.”

दादाने विचार केला. “गाढव आहेस. आता तुझं काय?”

“टेकडी.”

“आणि पोरीची छाती?”

माझा अंगठा अजून ठसठसत होता, आणि मला विचारायचे होते. ज्या माणसाने काळोखात उभ्या आयुष्यात एका कोकरावर पाय दिला नाही, त्याचा पाय भरदिवसा, एवढ्या मोठ्या खोलीत, नेमका माझ्या पायावर कसा पडला, हे विचारायचे होते. परंतु त्याने डेलच्या आत हात घातला, बाटली काढली, तिचे बूच सैल केले आणि उजव्या हाताने माझ्यापुढे धरली. “धर.” मी ती घेतली. तिच्या दगडाला त्याच्या छातीची ऊब होती.

“पोरीला वसंतापर्यंत माझ्याकडे सोड,” तो दाराकडे पाहत म्हणाला. “तिथं अजून धूर नाही.”

दार उघडले. बाहेरचा करडा, कडवट वास आत आला आणि आम्ही दोघे दारातली पट्टी ओलांडून त्यात उतरलो. अजून, असे तो म्हणाला होता.